पिल्लूला आज बरं नाही

विमा कंपनीच्या ज्या खात्यात लोकांचे दावे तपासले जातात, तिथे बाईंच्या टेबलावरून खोटं प्रकरण सहसा पुढे सरकत नसे. चोरीला गेलेली गाडी मालकाने मेव्हण्याच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली लपवलेली असो, किंवा पाय मोडलेल्या माणसाने त्याच आठवड्यात कुठल्याशा समारंभात नाचल्याचा फोटो स्वतःच्या हाताने जगाला दाखवलेला असो, बाईंना लांबूनच वास यायचा. त्या चष्मा कपाळावर सारायच्या, फोन उचलायच्या आणि इतक्या मायेने चौकशी करायच्या, की समोरचा आपणहून सगळं ओकून मोकळा व्हायचा.

घरी मात्र बाई स्वतःच खोटे दावे दाखल करायच्या. दावेदार एकच, त्यांचा मुलगा.

मुलगा चांगला दाढीवाला, दारातून आत येताना मान वाकवावी लागेल इतका उंच. पण घरात त्याचं नाव अजून पिल्लू. पिल्लू एका छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर होता, आणि गोळ्यांवरही होता. आधी पाठदुखीच्या, मग झोपेच्या आणि मग अशा, की त्या कशाच्या आहेत हे विकणाऱ्यालाही धड सांगता आलं नसतं. सकाळी पिल्लू उठला नाही की छापखान्याच्या मालकाला फोन लावायचं काम बाईंचं. "पिल्लूला आज बरं नाही," अशी सुरुवात. ताप झाला, पोट झालं, डोळे येऊन झाले. रोग संपले तेव्हा त्यांनी नातेवाइकांना हात घातला. नवऱ्याच्या एका काकांना त्यांनी वर पोहोचवलं. त्याच संध्याकाळी त्या काकांनी फोन करून विचारलं, की गुडघ्याच्या ऑपरेशनला विमा मिळतो का. एका आतेसासूबाईंना तर बाईंनी दोनदा मारलं. मालक भला माणूस. दुसऱ्या खेपेलाही तो म्हणाला, "फार वाईट झालं, ताई."

बाईंचे यजमान भौतिकशास्त्राचे क्लास घ्यायचे. अख्खी गल्ली त्यांना सर म्हणायची आणि सरही स्वतःला तेच समजायचे. जगातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण त्यांना माहीत असे, आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण बायको असे. "मुद्दा क्रमांक एक," ते जेवताना चमचा उगारून म्हणत, "तू त्याला लाडावलंस. मुद्दा क्रमांक दोन, मुद्दा क्रमांक एक पुन्हा वाच." मुलीचं म्हणाल तर ती थोरली. ती एका प्रयोगशाळेत रक्त तपासायची, वेळेवर जायची, वेळेवर यायची, आपलं ताट आपण धुवायची. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, असं घरातल्या सगळ्यांचं मत होतं.

मग एका दुपारी पिल्लू जिन्यात आडवा सापडला. ओठ निळे पडलेले. थोरलीने त्याला कुशीवर वळवलं, रुग्णवाहिका बोलावली, आणि बाई ऑफिसातून धावत पोहोचेपर्यंत डॉक्टरांनी त्याला परत आणलं होतं. शुद्धीवर येऊन त्याने पहिली चौकशी आपल्या बुटांची केली. डॉक्टरांनी घरच्यांना बाहेर बोलावून सांगितलं, "याला एकट्याला धुऊनपुसून घरी पाठवलं तर हा पुन्हा इथेच येईल. तुम्ही सगळ्यांनी मिळून उपचार घ्या. अख्ख्या कुटुंबाने."

"आजारी एक आणि औषध चौघांना?" सर म्हणाले. "हा कुठला न्याय?"

"हा न्याय नाही, उपचार आहे," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

समुपदेशन करणाऱ्या मॅडमची खोली टायरच्या दुकानावर होती. खाली कोणी चाक बदललं की वर जमीन थरथरायची. एकाला एक न जुळणाऱ्या पाच खुर्च्या, मध्ये बुटकं टेबल, त्यावर कागदी रुमालांचा खोका. सर आत आले आणि सवयीने फळ्याजवळच्या, हातांच्या खुर्चीवर जाऊन बसले. कापडाचे बूट घातलेली, थोरलीच्याच वयाची एक मुलगी त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली.

"ती माझी खुर्ची आहे," ती म्हणाली.

"आणि मॅडम कधी येणार आहेत?"

"आल्यात."

सर उठले, पण त्या दिवसापासून त्या उपचारावरून त्यांचं मनही उठलं. परतताना ते म्हणाले, "ही कालची पोरगी आपल्याला घर चालवायला शिकवणार!"

मॅडमचा पहिला नियम साधा होता. वाक्याची सुरुवात 'तू'ने करायची नाही. 'तू असा, तू तसा' बंद. जे बोलायचं ते 'मला'पासून सुरू करायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. सरांनी घसा साफ केला.

"मला," ते पिल्लूकडे वळून म्हणाले, "असं वाटतं, की तू नालायक आहेस."

पिल्लू म्हणाला, "मलाही बाबांबद्दल एक-दोन गोष्टी वाटतात."

"मला वाटतं दोघांनी पाणी प्यावं," बाई म्हणाल्या. नियम तर पाळला होता. मॅडमने फक्त ओठ दाबून खिडकीबाहेर बघितलं.

पुढच्या एका भेटीत मॅडम म्हणाल्या, "आज बोलणं नको." त्यांनी खुर्च्या भिंतीला लावल्या आणि पिल्लूला मध्ये उभं केलं. "तुझं घर तुला आतून जसं वाटतं, तसं या सगळ्यांना इथे उभं कर. पुतळे आहेत असं समज. हात, पाय, तोंड कुठे, सगळं तू ठरव."

पिल्लू आधी हसला. मग त्याने सरांना बूट काढून खुर्चीवर चढवलं आणि त्यांचा उजवा हात उचलून तर्जनी पुढे काढली.

"बोट कोणाकडे?" सरांनी विचारलं.

"कोणाकडेही. फिरतं ठेवा."

थोरलीला त्याने कपाटाजवळ नेलं. तिथे जागा मोकळी होती, एवढंच कारण. "ती ठीक असते," तो म्हणाला. बाईंना मात्र त्याने खोलीच्या बरोबर मध्यभागी आणलं, सगळ्यांकडे तोंड करून उभं केलं आणि त्यांचे दोन्ही हात आडवे ताणून पसरवले. मग स्वतः त्यांच्या पाठीमागे जमिनीवर जाऊन बसला, गुडघे छातीशी घेऊन. एवढा ऐसपैस पोरगा, पण तिथे पार मावला.

"असंच थांबा थोडा वेळ," मॅडम म्हणाल्या.

खाली कोणीतरी हवा भरायचं यंत्र सुरू केलं. बाईंचे खांदे भरून आले, मग दुखायला लागले, मग कोपरांपासून थरथरायला लागले.

"आई, हात खाली घ्यावेसे वाटतायत?" मॅडमने बाईंना विचारलं.

"नाही, नाही. ठीक आहे."

"तुला तिथून काय दिसतं?" मॅडमने पिल्लूला विचारलं.

त्याने मान वर केली. "आईची पाठ," तो म्हणाला. "दुसरं काहीच नाही."

बाईंनी हात खाली घेतले. रागच आला त्यांना. जन्मभर ज्याच्यासाठी ढाल होऊन उभं राहायचं, त्याने भर खोलीत आपली पाठ दाखवावी! घरी येईपर्यंत त्यांनी तो राग उलटापालटा करून बघितला. ऑफिसात एखाद्या प्रकरणात सगळं जुळत असूनही काहीतरी खटकत राहतं, तसं त्यांना खटकत होतं; आणि नेमकं काय खटकतंय हे शोधायची सवय असूनही, या वेळी त्यांनी ते प्रकरण बाजूला सरकवून ठेवलं.

त्यानंतरच्या भेटीत मॅडमने बाईंना गृहपाठ दिला. छापखान्यात फोन करायचा नाही.

"मग मालकांचा फोन आला तर काय सांगू?"

"खरं सांगा. नाहीतर म्हणा, त्याच्याशीच बोला. फक्त खोटं नको."

"अहो, नोकरी जाईल त्याची!"

"जाऊ शकते," मॅडम शांतपणे म्हणाल्या.

"म्हणजे तुमचा उपचार म्हणजे पोराला रस्त्यावर आणायचं?"

"आई, तुम्ही प्रत्येक वेळी त्याला सावरता, आणि मग पडण्याची किंमत काय असते ते त्याला कधी कळतच नाही. पडणं थांबवता येत नसेल, तर निदान खाली गादी घालणं थांबवा."

"ऐकलंस?" सर खूश झाले. "मुद्दा क्रमांक एक."

"बाबा, तुमचाही गृहपाठ आहे," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या भेटीपर्यंत मुद्दे नकोत."

सरांनी तो गृहपाठ केला नाही. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे गृहपाठ तपासले, त्याच्याकडून आणखी काय अपेक्षा करणार?

आणि मग ती सकाळ आली. आश्चर्य म्हणजे पिल्लू स्वतःहून उठला होता. आदल्याच दिवशी मालकाने बजावलं होतं, की आता एक जरी खाडा झाला तर घरीच बस. त्यामुळे तो अंघोळ करून, शर्ट घालून, दारातल्या स्टुलावर बुटांच्या नाड्या बांधत होता. निदान बांधायचा प्रयत्न करत होता. नाडी बोटांतून पुन्हा पुन्हा निसटत होती आणि प्रत्येक वेळी त्याला हसू येत होतं. बाईंनी त्याचा चेहरा वर केला. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

"घेतल्यास?"

"रात्रीच्या आहेत. उतरतंय. जाऊ दे ना, आई. उशीर होतोय."

नेमका तेव्हाच फोन वाजला. मालक.

"ताई, तो निघालाय ना? मोठं काम आलंय आज. त्याला दिवसभर कटिंगवर उभं करायचंय."

बाईंना या वेळी खोटं रचावंही लागणार नव्हतं. ताप नको, काका नकोत. 'निघालाय' एवढा एक शब्द, आणि तो तर खराही ठरला असता. पिल्लू स्टुलावरून त्यांच्याकडे बघून मान हलवत होता. हो म्हण, हो म्हण.

"त्याला मशीनवर उभं करू नका," बाई म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "त्याने गोळ्या घेतल्यात. नशेच्या. आज नाही, बरेच दिवस घेतोय."

पलीकडे मशीनची घरघर ऐकू येत राहिली.

"म्हणजे ते ताप वगैरे..."

"नव्हता."

"आणि तुमच्या आतेसासूबाई?"

"ठणठणीत आहेत."

 "मी त्यांच्यासाठी दोनदा सुट्टी दिली, ताई," मालक म्हणाला. त्या भल्या माणसाला नोकर व्यसनी निघाल्यापेक्षा हेच जास्त लागलं असावं. "पाठवू नका त्याला. आज नाही आणि नंतरही नाही."

पिल्लूच्या एका पायात बूट होता. दुसरा त्याने भिंतीवर भिरकावला. भिंतीवरचा आरसा फुटला. "तू माझी आई आहेस की मालकांची हेर?" तो ओरडला आणि एकाच बुटात जिना उतरून गेला. बाई केरसुणी घेऊन काचा गोळा करत बसल्या. क्लासवरून आलेल्या सरांनी दारातच हकीकत ऐकली आणि म्हणाले, "अगं, तुला काही पोच? एरवी अख्खं खानदान संपवलंस आणि नेमकं आज सत्य सुचलं? ऑफिसातला बाणा घरी आणायचा नसतो."

"तुम्हीच म्हणालात ना, मी लाडावलं?"

"म्हणून असं चव्हाट्यावर?"

 बाईंच्या बोटात काच गेली होती आणि ती काढायला चष्मा सापडत नव्हता.

पिल्लू कुठल्याशा मित्राकडे होता. थोरलीने त्याचा पत्ता काढला, पण आणायला कोणी जायचं नाही, असं मॅडमने फोनवर सांगितलं. बाईंनी ते पाळलं, म्हणजे मित्राच्या इमारतीसमोरून त्या फक्त दोनदाच चालत गेल्या. पुढच्या भेटीला ते तिघे पोहोचले, तर पिल्लू आधीच खोलीत बसलेला. नाक गळत होतं, अंगावर काटा आला होता, कपाळावर घाम. गोळ्या संपल्या की अंग असा सूड घेतं, हे मॅडमने त्यांना आधी सांगून ठेवलं होतं, तरी बाई त्याच्याकडे झेपावल्या. मॅडमने नुसता हात वर केला. बाई बसल्या.

"हिने माझी नोकरी घालवली," पिल्लू म्हणाला.

"हो," मॅडम म्हणाल्या. पुढे काही नाही. बाईंना वाटलं, निदान 'बरं केलंत' एवढं तरी या पोरीने म्हणावं! पण नाही.

"ही हो म्हणाली असती तर मी गेलो असतो."

"मग?"

पिल्लू आपल्या तळव्यांकडे बघत राहिला. मग तुटक तुटक बोलायला लागला. कटिंग मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच पातं खाली येतं, म्हणजे पात्याखाली हात राहूच शकत नाही. पण त्याने काम लवकर उरकावं म्हणून एका बटणावर चिकटपट्टी लावून ते कायमचं दाबून ठेवलं होतं. आता एकाच हाताने काम व्हायचं. दुसरा हात मोकळा. कागद सारखे करायला, पात्याखाली.

"गेल्या आठवड्यात माझी बाही कापली गेली," तो म्हणाला. "मला कळलंच नाही. घरी आल्यावर दिसलं."

बाईंना तो शर्ट आठवला. त्यांनी बाही दुमडून शिवली होती, आणि खिळ्याला अडकली असेल असं स्वतःच म्हणून टाकलं होतं. लोकांच्या बिलांवरचे शिक्के भिंगाखाली धरणाऱ्या बाईने!

खोलीत सगळ्यात आधी सर उठले. भौतिकशास्त्र त्यांना खरोखरच येत होतं. पातं, वजन, वेग हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे एका क्षणात जुळलं असणार. त्यांचा चेहरा खडूसारखा झाला.

"ती पट्टी अजून आहे तिथे?"

"असेल. आता त्या जागी दुसरं कोणीतरी असेल."

सरांनी फोन काढला. मालकाने उचलल्यावर ते इतकंच म्हणाले, "मी त्याचा बाप बोलतोय. मशीन बंद करा." पिल्लूकडे वळून त्यांनी विचारलं, "डाव्या की उजव्या?" पिल्लूने डावा हात वर केला. "डाव्या बटणावर चिकटपट्टी आहे. ती आधी काढा, मग मला शिव्या द्या." आणि पलीकडून ज्या काही शिव्या आल्या, त्या त्यांनी उभ्या उभ्या ऐकून घेतल्या. फोन ठेवल्यावर ते परत खुर्चीत बसले आणि तास संपेपर्यंत त्यांनी एकही मुद्दा काढला नाही.  पिल्लू बापाकडे पहिल्यांदाच बघितल्यासारखा बघत होता.

त्याच भेटीत तो दवाखान्यात भरती व्हायला तयार झाला. फार काही उदात्त घडलं नाही. "अंग फार दुखतंय. कुठे घेतील तिथे चला," एवढंच तो म्हणाला.

पुढचे दिवस काही सरळ गेले नाहीत. नशा सोडवणाऱ्या वॉर्डात घरच्यांच्या भेटीच्या दिवशी सरांनी तिथल्या डॉक्टरांनाच मेंदूत काय घडतं ते समजावून सांगितलं. पिल्लू घरी आला, एका गोदामात खोकी मोजायच्या कामाला लागला, आणि मग एकदा घसरला. पण या खेपेला घसरल्याचं त्याने स्वतःच भेटीत सांगितलं. सर म्हणाले, "संपलं, सगळं पाण्यात गेलं!" बाई रडल्या. मॅडमने खोका पुढे सरकवला आणि म्हटलं, "असं होतं. पुन्हा होईलही. आता त्याने ते सांगितलं, तुम्हाला पकडावं लागलं नाही. चला, पुढे." ही पोरगी कशानेच हादरत नाही याचा बाईंना एव्हाना आधार वाटायला लागला होता, आणि तितकाच वैतागही.

बऱ्याच भेटी झाल्यावर मॅडमने विचारलं, "घरात काय बदललं असं वाटतं? प्रत्येकाने एकेक सांगा." पिल्लू म्हणाला, झोप लागते. सर म्हणाले, "मी कमी बोलतो," आणि ते त्यांनी विस्ताराने समजावलं. बाई म्हणाल्या, सकाळी फोन वाजला की आता कारण शोधावं लागत नाही. मग थोरलीची पाळी आली.

"मी खोली घेतलीय भाड्याने," ती म्हणाली. "या महिन्यात जातेय."

खालच्या दुकानात कोणीतरी लोखंडी पाना आपटला.

"हे कधी ठरलं?" बाईंनी विचारलं.

"पिल्लू वॉर्डात होता तेव्हा. मी तुला सांगितलं होतं, आई. तू म्हणालीस, बरं, आणि मग विचारलंस की त्याचे मोजे कुठे आहेत."

"पण आता तर सगळं सुरळीत होतंय!" सर म्हणाले. "आणि हा विषय आजच्या चर्चेतला नाही."

"कुठल्याच दिवशीच्या चर्चेतला नव्हता, बाबा." थोरलीचा आवाज चढला नाही; तिचा कधीच चढत नसे. "जिन्यात तो मला सापडला. निळा पडलेला. तेव्हापासून आधी वर बघितल्याशिवाय मी कुठलाही जिना चढत नाही. मला एकानेही विचारलं नाही. मी ठीक असते ना."

पिल्लूने मान खाली घातली.  बाईंनी सवयीने तोंड उघडलं, काहीतरी सावरणारं, गादी घालणारं बोलायला, आणि पुन्हा मिटलं. आपल्या मुलीबद्दल आपल्याला काय काय माहीत आहे याची त्यांनी मनातल्या मनात उजळणी केली, तर वेळेवर जाते, वेळेवर येते, इथेच गाडी अडली.

थोरली गेली. रविवारी बाई तिच्या खोलीवर पोहोचल्या, बोलावणं नसताना, पडद्यांची दांडी घेऊन. खोली एका अरुंद इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होती. खिडकीसमोर दुसऱ्याची भिंत. थोरलीने दार उघडलं, दांडीकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि म्हणाली, "ये. ड्रिल आहे माझ्याकडे."

बाईंना माहीत नव्हतं, की तिला ड्रिल चालवता येतं. थोरली स्टुलावर चढली. बाई खाली दांडी धरून उभ्या राहिल्या. भिंतीचा भुगा त्यांच्या केसांत पडत होता.

"सरळ आहे का बघ."

"अगं, पिल्लू म्हणत होता, की..." बाई म्हणाल्या आणि थांबल्या. वरून ड्रिलचा आवाजही थांबला होता.

"काय म्हणत होता?"

"काही नाही. डावीकडचं भोक थोडं वर घे. आणि तू काय खातेस गं इथे?"

 थोरलीने भिंतीवर पेन्सिलीने नवी खूण केली, ती बोटाने पुसली, जरा वर दुसरी केली. "धर नीट," ती म्हणाली, "हलतेय." बाईंनी दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.